संगीताचं मासिक काढताय? मग आधी मागची पानं लावा

संगीताचं मासिक काढायचं ठरलं की पहिली बैठक हमखास मुखपृष्ठावर खर्ची पडते. नाव कुठल्या अक्षरात, फोटो कुणाचा, पार्श्वभूमी काळी की पांढरी. पानं लावणारी म्हणून अशा बैठकांना मी बरीच वर्षं बसतेय आणि दर वेळी माझा रसभंग करणारा प्रश्न एकच असतो: एका अंकात परीक्षणं किती येणार, आणि त्यातलं सगळ्यात छोटं किती शब्दांचं? समोरचे चेहरे उतरतात. पण मुखपृष्ठ अंकात एकदाच येतं, परीक्षण तीस-चाळीस वेळा. तेवढ्या वेळा येणाऱ्या गोष्टीची चौकट चुकली की मुखपृष्ठ कितीही देखणं असो, वाचक अंक चाळून बाजूला ठेवतो.

छापील किंवा पीडीएफ अंक काढायचा पक्का आहे, पण 'कुणासारखा काढायचा' इथे गाडी अडली आहे, अशांसाठी हे लिहितेय. पर्याय वाटतात तितके नाहीत. गेल्या शंभर वर्षांत संगीत नियतकालिकांच्या मांडणीची ढोबळमानाने चार घराणी झाली. (विषयच असा आहे की हा शब्द टाळता येत नाही.) पाचवं दाराबाहेर उभं आहे.

घराणी

पहिलं वृत्तपत्री. लंडनची 'मेलडी मेकर' (१९२६) आणि 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' म्हणजे 'एनएमई' (१९५२) ही साप्ताहिकं वर्तमानपत्राच्या कागदावर निघायची. शाई बोटांना लागायची म्हणून त्यांना 'इंकीज' असं नावच पडलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत ९ नोव्हेंबर १९६७ ची तारीख घेऊन आलेला 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंकही न्यूजप्रिंटवरच होता. या घराण्याचा पिंड बातमीचा. मजकूर दाट, कॉलम अरुंद, मथळे ठळक, आणि मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा.

दुसरं चकचकीत मासिकाचं: 'क्यू' (१९८६), 'मोजो' (१९९३) आणि पुढच्या काळातला 'रोलिंग स्टोन'. इथे फोटो राजा. आधी छोट्या बातम्यांची पानं, मग मोठ्या मुलाखती, शेवटी परीक्षणांचा लठ्ठ विभाग, हा क्रम ठरलेला.

तिसरं कानसेनांचं. पाश्चात्य शास्त्रीय संगीताचं 'ग्रामोफोन' (१९२३), शिकागोचं जॅझचं 'डाउनबीट' (१९३४), लंडनचं 'द वायर' (१९८२). यांच्यात आपापसांत फरक भरपूर आहेत, पण वाचक अंक घेऊन बसणार आणि शेजारी काहीतरी ऐकत असणार हे तिघांनीही गृहीत धरलेलं दिसतं.

चौथं मोडतोडीचं. 'द फेस' (१९८०) आणि 'रे गन' (१९९२). मांडणीकाराचं नाव लेखकांच्या आधी घेतलं जातं ते इथे.

आणि दाराबाहेरचं पाचवं म्हणजे फॅनझीन, चाहत्यांनी घरच्या घरी काढलेला अंक: टाइपरायटर, स्केचपेन, कात्री, डिंक आणि झेरॉक्स.

मुखपृष्ठ: स्टॉलसाठी की टपालासाठी?

चकचकीत मासिकांच्या मुखपृष्ठांचे नियम स्टॉलवर जन्मले. स्टॉलवर अंक एकमेकांवर अर्धे झाकलेले असतात, दिसते ती वरची पट्टी आणि डावी कड. म्हणून नाव वर, बहुतेकदा डावीकडे. 'क्यू'चा लाल चौकोन आणि त्यात पांढरं एकच अक्षर, हा याचा सगळ्यात नेटका नमुना: अंकाचा कोपरा दिसला तरी ओळख पटते. चेहरा एकच, शक्यतो थेट वाचकाकडे बघणारा. मथळ्यांची उतरंड डाव्या कडेला, आणि तळाशी अधिकचं चिन्ह टाकून आत भेटणाऱ्या इतर कलाकारांची नावं. 'सर्वोत्तम ५०' छापाचा आकडा असला तर तो मोठा. कलाकाराच्या डोक्याने मासिकाच्या नावाचं एखादं अक्षर झाकायचं, ही लकबही इथलीच, आणि ती नव्या मासिकाने करायची नसते. 'रोलिंग स्टोन'च्या नावातली दोन अक्षरं झाकली तरी वाचक ती मनात भरून घेतो. तुमचं नाव अजून कुणाला पाठ नाही.

कानसेनांच्या मुखपृष्ठावर एक फोटो, एक नाव, बारीक टाइपात चार ओळी, संपलं. ही साधी राहणी परवडते, कारण यांचा बराचसा वाचक वर्गणीदार असतो. अंक त्याच्या घरी जातो, त्याला ओढून आणावं लागत नाही.

तेव्हा प्रश्न आवडीचा नाहीच. अंक स्टॉलवर बाकीच्यांशी स्पर्धा करणार असेल तर दुसऱ्या घराण्याचे नियम पाळा, ते अनुभवातून आलेत. वर्गणीदारांकडेच जाणार असेल, किंवा पीडीएफ असेल, तर मुखपृष्ठावर सात मथळे रचणं म्हणजे रिकाम्या सभागृहात माइक लावून ओरडणं. फोनच्या पडद्यावर तुमचं मुखपृष्ठ काडेपेटीएवढं दिसतं. त्यातले सहा मथळे तसेही वाचता येत नाहीत.

परीक्षणांची पानं

इथे जरा मुक्काम करू.

एक परीक्षण म्हणजे काय काय असतं ते आधी सुटं करून बघा. कलाकाराचं नाव, अल्बमचं नाव, कंपनी, स्वरूप (सीडी, एलपी, डाउनलोड), मुखपृष्ठाचं चित्र, गुणांकन असेल तर ते, मजकूर, लिहिणाऱ्याचं नाव. रॉक-पॉप अल्बमला एवढं पुरतं, आणि डोक्यावरची माहिती दोन ओळींत बसते. 'क्यू' किंवा 'मोजो'च्या धर्तीची मांडणी या दोन ओळींवर उभी आहे.

आता 'ग्रामोफोन'चं पान घ्या. संगीतकार, रचना, वाद्यवृंद, संचालक, एकल वादक, कंपनी, कॅटलॉग क्रमांक, एकूण वेळ. एकाच तबकडीत तीन संगीतकारांच्या रचना असल्या तर यादी अजून लांबते. म्हणजे मजकूर सुरू होण्याआधीच सहा-सात ओळी जातात, आणि त्या वाचकाला हव्याच असतात. एकाच रचनेची वीस ध्वनिमुद्रणं बाजारात असताना नेमकं कुठलं ते कळायला नको? रागसंगीताचीही तीच गत. गायक, तबला, संवादिनी, तानपुऱ्यावरची साथ, राग, बंदिश, ताल, मैफल कधीची, अवधी किती. चकचकीत मासिकाचा तयार साचा उचलून त्यात हे कोंबायला गेलात तर साथीदारांची नावं पहिल्यांदा गळतात. पुढच्या अंकात दिलगिरी छापावी लागते, आणि तबलजी ती दिलगिरी विसरत नाहीत.

म्हणून माहितीचा हा डोक्यावरचा भाग जड असेल तर तिसऱ्या घराण्याकडे वळा. तिथे माहितीची ओळ ठळक आणि मजकुराची साधी, किंवा उलट, असा स्पष्ट भेद असतो. डोळा पानावरून नुसता फिरवला तरी नावं हाती लागतात.

मग गुणांकन. यावरून संपादक मंडळात भांडणं होतात. मी भांडणात पडत नाही, पण मांडणीवर त्याचा काय परिणाम होतो ते सांगते. 'डाउनबीट' पाचपैकी तारे देतं. 'एनएमई'ने दहापैकी गुण दिले. हिपहॉपच्या 'द सोर्स'ने ताऱ्यांऐवजी पाच माइक छापले, आणि ती खूण मासिकाची ओळखच बनून गेली. 'पिचफोर्क' या संकेतस्थळाने दशांशात गुण दिले, ०.० ते १०.०. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात समीक्षक रॉबर्ट ख्रिस्तगाव यांच्या परीक्षणांना १९६९ पासून शाळेतल्यासारख्या अक्षरी श्रेणी असत. परीक्षण एका परिच्छेदाचं आणि सोबत निकाल. 'द वायर' काहीच देत नाही. 'ग्रामोफोन'ही तारे देत नाही, संपादकांची निवड म्हणून महिन्यातल्या काही ध्वनिमुद्रणांवर शिक्का मारतं.

पानावर तारे आले की डोळा आधी तिथे जातो. वाचक तारे मोजतो, पाच असले तर वाचतो, एक असला तर मिटक्या मारत वाचतो, तीन असले तर पुढे सरकतो. आणि बहुसंख्य अल्बम तर तीन ताऱ्यांचेच असतात! म्हणजे परीक्षणांचा मोठा भाग तुम्ही स्वतःच्या हाताने न वाचण्याजोगा करून ठेवता. दुसऱ्या बाजूने, एका अंकात ऐंशी अल्बम हाताळायचे असतील तर ताऱ्यांशिवाय ते पान म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी. माझा कौल असा: महिन्याला पंधरा-वीस परीक्षणं असतील तर गुणांकन नको, 'ग्रामोफोन'सारखा शिक्का पुरे. चाळीसच्या पुढे गेलात तर तारे घ्या, पण अर्धा तारा नको. बारीक छपाईत अर्धा तारा चिकटलेल्या डागासारखा दिसतो आणि पाऊण आहे की पाव यावर वाचकांची पत्रं येतात.

अजून एक छोटी बाब. अल्बमची चित्रं सगळी चौरस असतात. हे इतकं उघड आहे की पानाची ग्रिड आखताना हटकून विसरलं जातं. 'ए-फोर' पान घ्या, २१० मिलिमीटर रुंद. दोन्ही कडांना १५ सोडले, उरले १८०. तीन कॉलम, मध्ये पाच-पाचची फट, म्हणजे एक कॉलम साधारण ५७ मिलिमीटर. त्याच्या निम्म्याचं, २७-२८ मिलिमीटरचं चित्र मजकुराच्या कुशीत नीट बसतं आणि त्यावरचं नाव ओळखू येतं. चार कॉलम केलेत तर कॉलम ४१ चा, निम्मं चित्र वीसचं, आणि वीस मिलिमीटरमध्ये बहुतेक अल्बम म्हणजे रंगाचा ठिपका. एलपीचं कव्हर बारा इंचांचं असायचं हे आठवून मग वाईट वाटतं.

चार कॉलम मराठीला का जड जातात

इंग्रजी संगीत मासिकांमध्ये परीक्षणं चार अरुंद कॉलमांत लावायची पद्धत सर्रास दिसते. ती जशीच्या तशी उचलली की मराठीत घोटाळा होतो, कारण आपल्या शब्दांना प्रत्यय चिकटतात. 'ध्वनिमुद्रणांमधल्या', 'संगीतदिग्दर्शकांपेक्षा', 'वाद्यवृंदाबरोबरच्या'. ४१ मिलिमीटरच्या कॉलममध्ये साडेनऊ पॉइंटचा मराठी मजकूर लावला तर ओळीत जेमतेम चार शब्द मावतात. त्यातला एक 'ध्वनिमुद्रणांमधल्या' निघाला की उरलेल्या तिघांमध्ये खिंडारं पडतात. इंग्रजीत शब्द तोडून जोडरेघ देतात. मराठी वाचकाला ती सवय नाही, आणि सॉफ्टवेअर जोडाक्षराच्या भलत्याच ठिकाणी तोडतं. दोन्ही कडा सरळ हव्यात असा हट्ट असेल तर चार कॉलम विसरा. उजवी कड मोकळी सोडली तर तीन कॉलम छान चालतात.

आणि अक्षरांच्या उंचीचं. इंग्रजी मासिकांचे निम्मे डावपेच मोठ्या लिपीवर उभे आहेत: कलाकाराचं नाव सगळं कॅपिटलमध्ये, अल्बमचं नाव तिरप्या अक्षरात, मजकूर साधा. एकाच फॉन्टमधून तीन आवाज. देवनागरीत कॅपिटल नाहीत, आणि तिरपी देवनागरी बहुतेक फॉन्टमध्ये नुसती ढकलून वाकवलेली असते, शिरोरेषेवरून घसरल्यासारखी. आपल्याला तो भेद वजनाने करावा लागतो, ठळक आणि हलकं, किंवा रंगाने, किंवा सरळ दुसऱ्या फॉन्टने. ओळींमधलं अंतरही जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजी अंकात एका पानावर सहा परीक्षणं बसताना दिसली तर स्वतःच्या अंकासाठी चारच धरा. हा हिशेब आधी केला नाही तर शेवटच्या रात्री फॉन्ट अर्ध्या-अर्ध्या पॉइंटने लहान होत जातो. मी केलंय ते, आणि अंक हातात आल्यावर चष्मा पुसून बघितलाय.

मुलाखती आणि मोठे लेख

चकचकीत घराण्याची खरी शान मोठ्या लेखाच्या पहिल्या दोन पानांत असते. डावीकडे पानभर फोटो, उजवीकडे प्रचंड मथळा, चार ओळींचा उपोद्घात, आणि मजकूर बहुधा पान उलटल्यावरच. फ्रेड वुडवर्ड १९८७ मध्ये 'रोलिंग स्टोन'चे कला दिग्दर्शक झाले. त्यांच्या काळात ही सलामीची दोन पानं इतकी रंगली की मथळ्याची अक्षरंच चित्राचं काम करू लागली. बघायला सुरेख, पण यासाठी दोन गोष्टी लागतात: स्वतःच्या मासिकासाठी काढलेला फोटो, आणि अंकात दोन पानं उधळण्याची ऐपत. कंपनीकडून आलेला तोच प्रसिद्धीचा फोटो चार ठिकाणी छापून आलेला असेल, तर तो पानभर मोठा करून काय मिळणार?

कानसेनांची युक्ती मला जास्त आवडते, कारण ती स्वस्त आहे आणि टिकते. 'डाउनबीट'ची 'ब्लाइंडफोल्ड टेस्ट' घ्या: कलाकाराला नाव न सांगता ध्वनिमुद्रण ऐकवायचं आणि त्याने ओळखायचं, मत द्यायचं. 'द वायर'चा 'इन्व्हिजिबल ज्यूकबॉक्स' त्याच जातीचा. हे सदर पानावर कसं दिसतं बघा. ऐकवलेल्या तुकड्याची माहिती ठळक ओळीत, खाली संवाद, पुन्हा ठळक ओळ, पुन्हा संवाद. मथळा रचावा लागत नाही, चौकटी टाकाव्या लागत नाहीत, मजकुराने स्वतःच पायऱ्या पाडलेल्या असतात. वाचक मधूनच कुठूनही शिरू शकतो. असं एक पक्कं सदर असलं की दर महिन्याची निम्मी मांडणी आधीच झालेली असते.

वृत्तपत्री घराण्यात मोठा लेख पहिल्या पानावर सुरू होऊन 'पुढे पाहा पान अमुक' असा भटकत जायचा. ही परंपरा वारली हे बरंच झालं.

गाण्यांच्या खपाच्या तक्त्यांचं म्हणाल तर 'एनएमई'ने १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात ब्रिटनमधला पहिला एकल-तबकड्यांच्या (सिंगल्सच्या) विक्रीचा तक्ता छापला, आणि अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड'चा 'हॉट १००' ऑगस्ट १९५८ पासून चालू आहे. या आठवड्याचं स्थान, मागच्या आठवड्याचं, किती आठवडे टिकलं, असे आकड्यांचे उभे रकाने. छापील मासिकात आता याचा उपयोग नाही. अंक येईपर्यंत आकडे शिळे होतात.

मोडतोड

नेव्हिल ब्रॉडी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात 'द फेस'ची मांडणी करत होते. त्यांनी एक प्रयोग केला. अनुक्रमणिकेच्या पानावरचा 'कंटेंट्स' हा शब्द ते अंकागणिक थोडा थोडा मोडत गेले. आधी अक्षरं विचित्र, मग तुटकी, मग नुसत्या खुणा. तरीही वाचकाला पान कळत होतं, कारण अनुक्रमणिका कुठे असते हे त्याला ठाऊक होतं. मला हा प्रयोग फार शहाणा वाटतो. मोडायचं तर असं मोडावं की आधार वाचकाच्या सवयीचा असेल. पान तेच, जागा तीच, शब्द मात्र विरघळत चाललेला.

डेव्हिड कार्सन 'रे गन'मध्ये याच्या पुढे गेले. गायक ब्रायन फेरी यांची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून १९९४ मध्ये ती त्यांनी 'झॅफ डिंगबॅट्स'मध्ये लावली. या फॉन्टमध्ये अक्षरं नाहीतच. तारे, बाण, कात्र्या, फुलं आहेत. म्हणजे अख्खी मुलाखत अगम्य चिन्हांत. किस्सा म्हणून हा अजरामर आहे आणि मांडणीचे विद्यार्थी तो अजून डोळे मिचकावत सांगतात. मला त्यात मुलाखत घेणाऱ्याची दया येते.

नव्या मासिकाने हे घराणं पूर्ण स्वीकारावं का? नाही. याला तालमीचा मांडणीकार लागतो, आणि तो सोडून गेला की तिसऱ्या अंकापासून नुसता पसारा उरतो. अंकात एक लेख, दोन पानं, एवढी सूट द्या. बाकीची पानं शिस्तीत असतील तर ती दोन पानं दिसतात तरी.

फॅनझीनचं वेगळं. मार्क पेरी यांनी १९७६ मध्ये लंडनमध्ये 'स्निफिन ग्लू' काढलं तेव्हा टाइपरायटरवरचा मजकूर, स्केचपेनचे मथळे आणि झेरॉक्स एवढंच भांडवल होतं. तो ओबडधोबडपणा कमी साधनांतून आलेला होता. अमेरिकेतलं 'मॅक्सिमम रॉकनरोल' १९८२ पासून २०१९ पर्यंत कृष्णधवल, न्यूजप्रिंटवर छापून निघत राहिलं, तेही एका भूमिकेतून. आज महागड्या सॉफ्टवेअरमध्ये बसून झेरॉक्सचे डाग कृत्रिमपणे टाकणारे बघितले की फाटलेली जीन्स विकत घेणाऱ्यांची आठवण होते. हाताने करायचं असेल तर खरंच हाताने करा. सोळा पानं, दोनशे प्रती, एका शनिवार-रविवारचं काम, आणि करताना मजा येते.

कागद आणि शिलाई

हा निर्णय शेवटी घेतला जातो आणि तो मागचे सगळे निर्णय उलटवतो.

न्यूजप्रिंटवर शाई पसरते. म्हणून फोटो ज्या ठिपक्यांनी छापला जातो त्यांची जाळी जाड ठेवावी लागते, इंचाला ८५ ते १०० ओळींच्या आसपास; आर्ट पेपरवर १५० आणि पुढे जाता येतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं ही संगीत मासिकांची लाडकी सवय (मैफलीचे फोटो काळेच असतात), पण न्यूजप्रिंटवर छपाईच्या चारही शाया मिळून होणाऱ्या काळ्यात आठ पॉइंटची पांढरी अक्षरं बुजून जातात. मराठीत अनुस्वार पहिला जातो, मग रफार. वृत्तपत्री कागद घ्यायचा तर पांढऱ्यावर काळं, आणि फोटोंमध्ये उजेड-अंधाराचा फरक ठसठशीत, एवढं पथ्य पाळा.

मग बांधणी. सेंटर पिन केली, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारल्या, तर पानं चारच्या पटीत येतात, अंक सपाट उघडतो. पानं वाढली की कणा असलेली, चिकटवलेली बांधणी येते. ती कपाटात रुबाबदार दिसते, कण्यावर नाव छापता येतं. पण ती पूर्ण उघडत नाही. एका विशेषांकात आम्ही सरोदवादकाचा सुंदर फोटो दोन पानांवर आडवा पसरला होता. पडद्यावर काय दिसत होतं म्हणून सांगू! अंक आला तेव्हा डाव्या हाताची बोटं, नेमकी पट्टीवर सरकणारी ती चार बोटं, शिलाईच्या दरीत गेलेली. उरला एक गृहस्थ, मांडीवर भांडं घेऊन बसलेला. वादक सभ्य होते, हसले. त्यानंतर दुपानी फोटो लावताना मधली बारा-पंधरा मिलिमीटरची पट्टी मी लाल रंगाने रंगवून ठेवते आणि तिथे हात, डोळा, वाद्याचा पडदा येत नाही ना ते बघते.

तुमच्या अंकात स्वरलेखन असेल, शिकणाऱ्यांसाठी बंदिशी किंवा गिटारची टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत), तर हा मुद्दा निर्णायक. ते पान वाद्यासमोर उघडं ठेवून वाचलं जातं, दोन्ही हात अडकलेले असतात. तिथे सेंटर पिन किंवा स्पायरलच. शिवाय त्रितालाच्या सोळा मात्रांची ओळ तीन कॉलमांतल्या एकात मावत नाही. ती पूर्ण रुंदीची लागते, मात्रेखाली मात्रा येईल अशी. आणि चीज पान उलटताना मध्येच तुटायला नको. फॉन्टची परीक्षाही तिथेच होते: मंद्रासाठी खाली टिंब, तारासाठी वर, कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. बऱ्याच फॉन्टांना हे नीट जमत नाही. खात्री करूनच सदर जाहीर करा.

आकार हलका घेऊ नका. 'रोलिंग स्टोन'ने २००८ मध्ये आपला ऐसपैस आकार सोडून नेहमीच्या मासिकाचा आकार घेतला, आणि २०१८ मध्ये मासिक होताना पुन्हा मोठा केला. त्यांना दोन्ही वेळा झेपलं. छोट्या मासिकाला आकार बदलणं म्हणजे सगळे साचे नव्याने आखणं.

मग कुठलं?

दोन-तीन जणांची चमू, स्वतःचा छायाचित्रकार नाही, वाचक जाणकार: तिसरं घराणं, दोन किंवा तीन कॉलम, एक पक्कं सदर, गुणांकन नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात जणांना मी हेच सांगते, आणि त्यातले पाच नाराज होतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर 'रोलिंग स्टोन' असतो.

छायाचित्रकार घरचाच आहे, जाहिराती मिळणार आहेत, लोकप्रिय संगीतावर भर आहे: दुसरं. पण 'क्यू' २०२० मध्ये बंद पडलं आणि 'एनएमई'ने साप्ताहिक छपाई २०१८ मध्ये थांबवली हे ध्यानात ठेवून. ताजी बातमी छापून विकण्याचे दिवस गेले. चकचकीत कागद घ्यायचा तर त्यावर वर्षभराने बघावेसे वाटतील असे फोटो हवेत.

महोत्सवाच्या वेळी वाटायचा, चार दिवस टिकायचा अंक: वृत्तपत्री. स्वस्त, मोठा, घडी घालून पिशवीत जातो, आणि कार्यक्रमपत्रिका मधल्या दोन पानांवर एका नजरेत येते. इथे मोकळी जागा वगैरे चोचले नकोत.

ठरवण्याआधी एक काम करा. खऱ्या मजकुराची, खोट्या भरताडाची नव्हे, चार परीक्षणं घ्या. एक मोठं, तीन छोटी, त्यातल्या एकात साथीदारांची लांबलचक यादी असू द्या. ती दोन घराण्यांच्या पद्धतीने दोन पानांवर लावा आणि ज्या कागदावर अंक निघणार आहे त्याच कागदावर, पूर्ण आकारात छापून घ्या. पडद्यावर सगळंच छान दिसतं. मग ती दोन पानं मासिकाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी द्या आणि काहीही न विचारता तो कुठून वाचायला लागतो ते बघा.

एक राहिलंच: आतलं शेवटचं पान. संगीत मासिकं पुष्कळ जण मागून उघडतात, म्हणून तिथे छोटी प्रश्नोत्तरं, जुना फोटो, एखादं व्यंगचित्र असं एका पानात संपणारं काहीतरी ठेवायची रीत पडली आहे. चारही घराण्यांत ती सापडते. ते पान जाहिरातवाल्यांना आधीच कबूल करून बसू नका. मागची कव्हरं त्यांना द्या.